सायकलचोर मुंबईत आले तेव्हा

जानेवारी 1952. मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ इथल्या पडद्यावर झळकला. चोरीला गेलेली सायकल शोधत रोमच्या रस्त्यांवर वणवण करणारे बाप-लेक, एवढीच गोष्ट. ना भव्य सेट, ना नामवंत नट. बापाची भूमिका करणारा तर मुळात कारखान्यातला कामगार! दिग्दर्शक बिमल रॉय यांच्यावर या शैलीचा खोल ठसा उमटला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला.

आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं याहून मोठं फलित दाखवणं अवघडच.

इटालियन सिनेमाचा असा प्रवास आजही सुरू आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 2001 पासून ‘ओपन रोड्स’ हा महोत्सव नवे इटालियन चित्रपट दाखवतो. जुन्या पिढीतले दिग्दर्शक फेलिनी यांच्याच आरत्या ओवाळत बसण्यापेक्षा हे बरं! त्याच वर्षी इटालियन भाषेचा जागतिक सप्ताहही सुरू झाला. दर ऑक्टोबरला देशोदेशीच्या इटालियन सांस्कृतिक केंद्रांत व्याख्यानं, वाचनं, चित्रपट असा बेत असतो. साहित्याचंही स्मरण होतंच: 2023 मध्ये इतालो काल्व्हिनो यांची जन्मशताब्दी झाली. हा अस्सल इटालियन लेखक जन्मला मात्र क्युबात.

महाकवी दान्तेसाठी इटलीनं 2020 पासून 25 मार्च हा दिवस राखला आहे. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची एक दुर्मीळ हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती दिली. मुसोलिनीनं ती मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.