गाडीवर बसताना काय नेसावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने संसारात उपयोगी पडेल अशा विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. लोणची झाली, बाळंतिणीचा आहार झाला, परसातला भाजीपाला झाला. यंदा पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली. व्याख्यान देणे मला जमायचे नाही. पण रोज डोळ्यांसमोर दिसते त्याबद्दल बोलता येईल, म्हणून विषय घेतला आहे तो असा, की मोटारसायकलवर बसताना आपण काय नेसावे, काय घालावे आणि काय घालू नये.

काही जणी हसल्या. त्यात हसण्यासारखे आहेच. लग्नाला जायचे तर आपण साडी निवडायला तास घालवतो. वावरात वेचणीला जायचे तर जुने लुगडे नेसतो, वर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतो, कमरेला ओटी बांधतो. चुलीपाशी बसताना पदर आवरतो. म्हणजे कामाप्रमाणे कापड बदलण्याची अक्कल आपल्याला आहे. मग गाडीवर बसणे हेही एक काम आहे, त्याला वेगळा वेश लागतो, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही. आपल्या आया-आज्या बैलबंडीतून गेल्या. बंडीचा वेग माणसाच्या चालीचा. पदर लोंबला तर हाताने उचलून घ्यावा, एवढाच त्रास. आपले गाव तर रुक्मिणीचे माहेर. ती इथून रथात बसून गेली. पण रथाच्या चाकाचा आणि मोटारसायकलच्या चाकाचा हिशेब एक नाही.

हा हिशेब माझ्या मुलाने मला करून दाखवला. आमच्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर त्याने दोरीने मोजला. तो सव्वासहा फूट भरला. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर ते चाक एका सेकंदात जवळजवळ सहा वेढे घेते. सेकंदात सहा! पदराचे टोक त्यात गेले तर "अहो, थांबा" म्हणायलासुद्धा वेळ मिळत नाही. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष पुढे असते, त्याला कळते ते पाठीमागचे ओझे हलके झाल्यावर.

आपल्याच भागातल्या एका लेकुरवाळीचे तसे झाले. नाव सांगत नाही. पुष्कळ जणींना ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी नवऱ्यामागे बसून निघाली होती. पदर चाकात गेला आणि ती उताणी रस्त्यावर आली. जीव वाचला, पण डोक्याला मार लागला. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःच्या लेकराला नावाने हाक मारू शकत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा तिची सासू एकच वाक्य परत परत म्हणत होती, "पदर खोचला असता तर..."

असे आपल्याकडेच होते असे नाही. इसाडोरा डंकन नावाची एक जगप्रसिद्ध अमेरिकन नर्तकी होती. १९२७ साली सप्टेंबर महिन्यात ती फ्रान्समधल्या नीस गावी उघड्या मोटारीत बसून निघाली. गळ्यात लांब रेशमी ओढणी होती. तिचे टोक चाकात गेले आणि तिथल्या तिथे तिचा अंत झाला. मोठी माणसे असोत की आपण असू, चाकाला ओळख नसते.

आता साडीचे पाहू. आपण बहुतेक डावीकडे पाय सोडून बसतो. साडीगार्डही डाव्या बाजूलाच असतो, म्हणून निऱ्या सांभाळल्या जातात. पण पदर असतो डाव्या खांद्यावर, आणि असे आडवे बसले की आपला डावा खांदा गाडीच्या मागच्या अंगाला येतो. म्हणजे पदर सुटला की तो नेमका मागच्या चाकाकडेच जातो. एकदा घरी खाटेवर तसे बसून पाहा, लगेच पटेल. म्हणून गाडीवर बसण्याआधी पदर पाठीवरून उजव्या बगलेखालून पुढे घ्यावा आणि डाव्या कमरेला घट्ट खोचावा. खांद्यावर एक मोठी पिन लावावी. ओढणी असेल तर तिची टोके पाठीवर मोकळी सोडू नयेत. ती कमरेला गुंडाळून गाठ मारावी, नाहीतर सरळ पिशवीत ठेवावी. मंगळसूत्र पोलक्याच्या आत घ्यावे. पिशवीचे बंद लोंबते ठेवू नयेत.

साडीगार्ड हा शोभेचा दागिना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला पायटा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकणारे आच्छादन गाडीला असले पाहिजे. आपली पोरे गाडी घरी आणली की "बरे दिसत नाही" म्हणून तो गार्ड काढून टाकतात. गाडीचे हप्ते घरातून जातात, तेव्हा गार्ड जागेवर आहे की नाही हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

एक नाजूक गोष्ट बोलते. थोरल्या बायकांनी राग मानू नये. दोन्हीकडे पाय टाकून बसणे हे आडवे बसण्यापेक्षा सुरक्षित आहे. तोल राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात. सुनेने तसे बसले की आपण म्हणतो, "बाईच्या जातीला शोभते का?" अहो, आपल्या आज्या नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून झाडावर चढत, विहिरीतले पाणी ओढत, डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून चालत. त्यांची मर्यादा कुठे गेली नाही. सहावारी गोल साडी आली आणि आपले पाय बांधले गेले. सून लेकरू घेऊन लांबच्या गावी निघाली असेल तर तिला सलवार-कमीज घालू द्यावे आणि नीट बसू द्यावे. गावाच्या वेशीपासून पुढे मर्यादा सांभाळण्यापेक्षा जीव सांभाळणे महत्त्वाचे.

आता आपल्या वऱ्हाडच्या हवेकडे येते. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पुष्कळांना वाटते की गाडीवर वारा लागतो, तेव्हा कपडे जितके कमी तितके बरे. हे खरे नाही. आपल्या कातडीची ऊब ३५ अंशांच्या आसपास असते. वारा त्याहून गार असेल तर तो थंड करतो. त्याहून तापलेला असेल तर तो भट्टीच्या झळीसारखा अंग भाजतो आणि घाम दिसायच्या आत सुकवतो. अंगातले पाणी कमी झालेले आपल्याला कळतही नाही. म्हणून उन्हाळ्यात अंग उघडे टाकू नये, झाकावे. पण सुती कापडाने. फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. बाजारात मुली घालतात तो सनकोट चांगला आहे. तो सुती घ्यावा. डोक्याला आणि तोंडाला पातळ सुती दुपट्टा ओला करून, पिळून बांधावा, टोके आत खोचावी. निघण्याआधी पन्हे किंवा ताक घ्यावे. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण पाण्याची बाटली विसरू नका. आणि शक्यतो दहाच्या आत पोचावे.

सुती का, तर सुती कापड घाम पिते आणि हवा खेळू देते. नायलॉन, टेरिलीन घाम पीत नाही. शिवाय ही कापडे आचेने वितळतात. मोटारसायकलचे सायलेन्सर बहुधा उजव्या बाजूला असते आणि थोड्या अंतरानेही ते चांगलेच तापते. तसली साडी त्याला टेकली तर वितळून कातडीला चिकटते. म्हणून चढणे-उतरणे नेहमी डावीकडून करावे आणि लेकरालाही डावीकडूनच उतरवावे. आपण पऱ्हाटीच्या मुलखातल्या बाया. कापूस आपण वेचायचा आणि अंगावर मात्र नायलॉन मिरवायचे, हे तसेही बरे नव्हे.

थंडीचा प्रकार वेगळा आहे. कार्तिकातल्या यात्रेला माणसे पहाटेच गाड्यांवरून आपल्या गावात येतात. आपणही मार्गशीर्ष-पौषात अंधार असताना दवाखान्याला किंवा कचेरीच्या कामाला निघतो. हवा १० अंश असली आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली, तर अंगाला ती ६ अंशांसारखी बोचते. आणि त्याच दिवशी दुपारी परतताना ऊन चटके देते. एकाच दिवसात दोन ऋतू! याला उपाय एक जाड कपडा नव्हे. दोन-तीन पातळ कपडे. आत सुती, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे काहीतरी. विणलेल्या स्वेटरच्या भोकांतून वारा थेट आत शिरतो, म्हणून एकटा स्वेटर पुरत नाही. वर पावसाळी कोट घातला तरी चालतो. तोही नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. गाडी चालवणाऱ्या पुरुषाला तर ती अवश्य द्यावी, कारण वारा पहिला त्याच्या छातीवर येतो. हातमोजे आणि पायमोजेही हवेत. बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. दुपारी एकेक कपडा उतरवावा आणि बंद तोंडाच्या पिशवीत घालून ती दोघांच्या मध्ये ठेवावी. काढलेला स्वेटर मांडीवर किंवा खांद्यावर टाकू नये.

शाल मात्र गाडीवर नको. पांघरलेली शाल म्हणजे दुसरा पदरच. शालीवाचून गत्यंतर नसेल तर लहान लेकरांना आपण गाती बांधतो तशी ती छातीवर आडवी घेऊन मागे पक्की गाठ मारावी आणि टोके आत खोचावी.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू, हेल्मेट. आपल्या किती घरांत दोन हेल्मेटे आहेत? हात वर करा म्हटले तर पंचाईत होईल. एक असते आणि ते मालकाचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही ते बंधनकारक आहे. कायदा राहू द्या, साधा विचार करा. गाडी पडली तर रस्ता असे पाहतो का, की हा पुरुष, याला लागू द्यायचे नाही, आणि ही बाई, हिचे डोके रिकामे? घरातला हिशेब, लेकरांची औषधे, कुणाचे किती देणे-घेणे, सणवार, सगळे त्याच डोक्यात असते. ते फुटले तर घर फुटते.

हेल्मेट घेताना त्यावर आय.एस.आय.चे चिन्ह पाहावे. १ जून २०२१ पासून चिन्हावाचून दुचाकीचे हेल्मेट विकण्याला बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेटे मिळतात. ती घेऊ नयेत. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर हेल्मेट असून नसल्यासारखे. अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही, म्हणून त्या दिवशी मानेशी सैल वेणी घालावी आणि ती कपड्याच्या आत घ्यावी. घामासाठी आत पातळ सुती फडके बांधावे. कोणी म्हणतील, थोरांसमोर डोक्यावर पदर लागतो. वेशीशी उतरा, हेल्मेट काढा, पदर घ्या आणि मग गावात शिरा. दोन्ही साधते.

लेकरांचेही सांगते. २०२२ साली केंद्र सरकारने नियम काढला आणि तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढच्याला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि मूल बरोबर असताना गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. तान्ह्याला पदरात गुंडाळून एका हाताने धरायची आपली रीत प्रेमाची असेल, पण भरवशाची नाही. तान्हे बरोबर असेल त्या दिवशी एस.टी.ची वाट पाहिलेली बरी.

नुसते बोलून उठणे मला आवडत नाही, म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे लुटतो. यंदा प्रत्येकीला दोन मोठ्या पिना आणि एक सुती रुमाल वाण म्हणून द्यावा. खर्च कमी होईल आणि वस्तू कामी येईल. दुसरी, बारा जणींनी एक भिशी धरावी. दर महिन्याला जिचा नंबर लागेल तिने त्या पैशांतून स्वतःच्या मापाचे हेल्मेट घ्यावे. स्वतःच्या, मुलाच्या नव्हे. वर्षाने याच दिवशी आपण पुन्हा जमू तेव्हा बारा बायकांची डोकी झाकलेली असतील. त्या भिशीत पहिले नाव माझे लिहा, आणि नंबर लावताना शेवटचा माझा लावा.