सुरवंट पाळणारी चित्रकार
किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं युरोपात सर्रास मानलं जाई, त्या काळात मारिया सिबिला मेरियन घरी सुरवंट पाळत होती. कोणता सुरवंट कोणतं पान खातो, कोष कधी करतो, सगळं निरखून ती रंगवायची. 1699मध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तेही चित्रं विकून उभ्या केलेल्या पैशांवर! 1705 साली तिचा ग्रंथ आला, 60 चित्रांचा. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर केसाळ कोळी चिमुकला हमिंगबर्ड खातोय. पुढे कित्येकांनी ही थाप ठरवली. अखेर एकोणिसाव्या शतकात ॲमेझॉनच्या जंगलात हेन्री बेट्स या निसर्ग अभ्यासकाला पक्षी पकडलेला कोळी प्रत्यक्ष दिसला.