ताठर पाय आणि औषधांची निवड

येरमाळ्यास येडेश्वरीचें देऊळ डोंगरावर आहे आणि चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत हजारों लोक तेथील पायऱ्या चढतात. पायरी चढतांना एक गुडघा वाकावा लागतो आणि त्याच वेळीं दुसऱ्या पायानें सारें अंग तोलून धरावें लागतें. एक स्नायु आवळला कीं त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडावा, ही व्यवस्था मेंदू व मज्जारज्जु यांच्या हुकमानें चालते. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या विकारांत मज्जातंतूंवरील वेष्टण जागोजाग नष्ट होतें, हुकूम अर्धवट पोंचतात, आणि पाय लाकडासारखा ताठ होतो. रात्रीं पेटके येऊन झोप उडते. हा विकार मुख्यतः थंड देशांतला समजला जाई. परंतु मुंबईच्या पारशी समाजांत तो बराच आढळतो, असें डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं दाखवून दिलें.

ह्या ताठरपणावर उत्तम औषध कोणतें? बॅक्लोफेन हें १९६२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनींत तयार झालें तें अपस्मारासाठीं. तेथें तें फारसें उपयोगी पडलें नाहीं. ताठरपणावर मात्र गुणकारी ठरलें. टिझानिडीन हेंहि मज्जारज्जूंतच काम करतें, पण निराळ्या वाटेनें. ह्या दोहोंची समोरासमोर तुलना झाली तेव्हां एकानें दुसऱ्यावर स्पष्ट मात केली नाहीं. भेद आहे तो उपद्रवांत. बॅक्लोफेननें पायांतील अशक्तपणा अधिक जाणवतो. टिझानिडीननें झोंप येते, तोंडास कोरड पडते, रक्तदाब उतरतो, आणि यकृताची तपासणी करीत राहावें लागतें. डायझेपामनें पेटके शमतात, पण दिवसाहि गुंगी राहते व गोळीची संवय जडते. डँट्रोलीन थेट स्नायूवर काम करतें, म्हणून उरलेली शक्तिहि घटवितें. शिवाय यकृतास अपाय करूं शकतें.

तुलना मोजावयाची कशी, हा खरा पेच. अॅशवर्थ यांनीं १९६४ सालीं ह्याच विकारावर कॅरिसोप्रोडॉल नांवाचें औषध पारखतांना एक मापपट्टी योजिली. रोग्याचा अवयव दुसऱ्यानें हालवावयाचा आणि त्यास किती अडथळा होतो तें पाहावयाचें. हें माप परीक्षकाच्या सोयीचें. पायरी चढतां येईल कीं नाहीं, हें त्यांत कळत नाहीं. ज्याच्या मांडींत बळ उरलेलें नाहीं, तो त्या ताठरपणाच्याच टेकूवर उभा असतो. औषधानें तो टेकू काढला तर पट्टीवर आंकडा सुधारतो आणि माणूस मात्र खालीं बसतो. उलट, जो अंथरुणास खिळलेला आहे, त्याच्या मांड्या सैल झाल्या तर स्नान घालणें सोपें होतें. म्हणून हिंडत्याफिरत्या रोग्यास थोड्या मात्रेनें आरंभ करून, ती हळूहळूच वाढविणें इष्ट.

श्रोत्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. बॅक्लोफेन एकाएकीं बंद करूं नये. त्यानें झटके व भ्रम होऊं शकतात. दुसरी अशी, कीं पाय अचानक अधिक ताठला तर मात्रा वाढविण्यापूर्वीं लघवींतील जंतुदोष, बद्धकोष्ठ, अंथरुणाचे व्रण हें सर्व पाहावें, कारण त्यांनींच ताठरपणा बळावतो. येरमाळ्याच्या एखाद्या रोग्यास सोलापुरास टिझानिडीन लिहून दिलेलें असेल आणि लघवीच्या दोषावर गांवांत सिप्रोफ्लोक्सासिन मिळेल. हीं दोन एकत्र घेतल्यास रक्तांतील टिझानिडीन सुमारें दहापट वाढतें आणि रक्तदाब कोसळतो. नव्या वैद्यास जुनी चिठ्ठी आधीं दाखवावी.