गुणतक्त्याबाहेरचे अध्यापन

विद्यापीठातील आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांचा गौरव होतो तेव्हा मानपत्रात ‘संशोधन व अध्यापन’ हे शब्द जोडीने येतात. परंतु गुणवत्ता मोजण्याची वेळ आली की संशोधनाच्या वाट्याला आकडे येतात आणि अध्यापनाच्या वाट्याला एखादे विशेषण, आणि ही तफावत शाल-श्रीफळाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील पदोन्नतीचे तक्ते याची साक्ष देतात. मान्यताप्राप्त नियतकालिकातील एका शोधनिबंधाला विज्ञानशाखेत ८ आणि भाषा व मानव्यविद्यांत १० गुण ठरवलेले आहेत. अध्यापनाची प्रत मात्र नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास प्रत्यक्ष घेतले यावरून ठरते, म्हणजे ८० टक्के किंवा अधिक तास घेतले की शेरा ‘चांगले’ आणि ७० टक्क्यांच्या वर असले की ‘समाधानकारक’. तास झाला एवढे त्यातून कळते. वर्गात काय घडले, ते कळत नाही. हे तक्ते पदोन्नतीचे असले तरी मोजण्याची ही सवय पुरस्कारांच्या निवडीतही झिरपते.

जुन्या पिढीने विद्वानांचा गौरव वेगळ्या रीतीने केला होता. मालवणला १८३७ मध्ये जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. एल्फिन्स्टन आणि डेक्कन महाविद्यालयांत त्यांनी संस्कृत शिकवले आणि १८९३ मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि त्यांना गौरवग्रंथ, म्हणजे विद्वानांनी सत्कारार्थ लिहिलेल्या लेखांचा संग्रह, अर्पण करण्यात आला. त्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित केलेली आवृत्ती, हाती घेतली आणि १९६६ मध्ये ती पूर्ण केली. सत्कारातून इतके दीर्घ काम उभे राहावे, ही गोष्ट आजच्या सत्कारसमित्यांनी मनावर घ्यावी. भांडारकरांची शिलालेखांवरील आणि धर्मपंथांवरील संशोधने अभ्यासकांना परिचित आहेत. पण त्यांच्या संस्कृतच्या दोन प्राथमिक पाठ्यपुस्तकांवर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी धातू आणि विभक्ती गिरवल्या, आणि तो हिशेब कोणत्याही तक्त्यात बसणारा नाही.

पायाभूत काम हिशेबात येत नाही, हा मुद्दा पनवेल, पेण, उरण या भागांतील भातशेतकऱ्याला वेगळा सांगावा लागणार नाही. पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्या तुकड्याला राब म्हणतात. तेथे रोपे वाढतात, मग ती उपटून शेतात लावली जातात आणि पीक मोजले जाते ते खळ्यावर, राबावर नाही. राबातले रोप खुरटे निघाले तर पुढे खत घालून फारसे साधत नाही; शिवाय एखाद्याने आपली रोपे शेजाऱ्याला दिली तर भात शेजाऱ्याच्या खळ्यावर पडते. पनवेलच्या महाविद्यालयात पदवीपर्यंत शिकलेला विद्यार्थी मुंबईला किंवा पुण्याला जाऊन पीएच.डी. करतो तेव्हा त्याचा शोधनिबंध त्या विद्यापीठाच्या खात्यात जमा होतो, आणि ज्यांनी त्याला प्रश्न विचारायला शिकवले त्या प्राध्यापकांच्या नोंदीत फक्त तासांची टक्केवारी उरते.

शोधनिबंधाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही, हे सांगणे भाग आहे; म्हणणे एवढेच की अध्यापनाला आकडा नसेल तर निदान साक्ष तरी असावी. नियमावलीनुसार साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते आणि उत्तरपत्रिका, परीक्षा, प्रवेश ही कामे त्यावर वेगळी येतात. इतके करून संशोधनही करणाऱ्याला शालीपेक्षा एका सत्रापुरती तासांची सवलत अधिक उपयोगी पडेल. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांना १९५९ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे पद मिळाले, तेव्हा धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पंचखंडी काम अजून चालू होते आणि १९६२ मध्ये ते पुरे झाले. तो सन्मान चालू कामाला हात देणारा होता.

दोष केवळ समित्यांचा मानणेही बरोबर नाही. जे माजी विद्यार्थी सत्काराच्या दिवशी टाळ्या वाजवतात, त्यांनी आपण त्या प्राध्यापकांकडून नेमके काय शिकलो हे दोन ओळींत कधी लिहून कळवलेले नसते, मग समितीने साक्ष आणावी कोठून? दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची लेखी मते मागवण्याची पद्धत पुरस्काराच्या अर्जातच असावी. अशी मते स्नेहाने रंगलेली असतात हा आक्षेप खरा आहे आणि नापास झालेल्यांचेही मत घ्यावे काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. त्याची चर्चा या भाषणाच्या उरलेल्या अर्ध्या मिनिटात मावणारी नाही. तूर्त ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनासाठी नावे सुचवणाऱ्या महाविद्यालयांनी शोधनिबंधांच्या यादीसोबत माजी विद्यार्थ्यांच्या अशा पत्रांसाठी एक पान जोडावे.