रक्ताची ओळख आणि साठवणीची शिस्त



रक्तदान शिबिर पार पडले की कार्य संपले, अशी समजूत असते. वस्तुतः ते रक्त रुग्णाच्या शिरेत सुखरूप पोहोचेपर्यंत कार्य चालूच असते.

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात; त्यांना प्रतिजन म्हणतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली याच खुणांवरून रक्तगट दाखवून दिले. ए, बी आणि ऱ्हीसस डी हे प्रतिजन योग्य साठवणीत चांगले टिकतात. एम आणि पी-१ यांसारखे काही मात्र लवकर क्षीण होतात. गोठलेल्या नमुन्यातील पेशींचे प्रतिजन सायट्रेटयुक्त द्रावणातील पेशींपेक्षा लवकर ऱ्हास पावतात. क्षीण खूण तपासणीत निसटू शकते. म्हणून नमुना ताजा हवा.

काळापेक्षाही घातक आहे ती अस्वच्छता. नमुन्यात जंतू शिरले, तर त्यांचे विकर पेशीवरील आवरण खरडून काढते आणि आत दडलेला टी हा प्रतिजन उघडा पडतो. बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असल्याने अशा पेशी जवळजवळ कोणत्याही रक्तात गुठळतात आणि गटाचा निर्णय चुकतो. डेन्मार्कचे थॉमसन यांनी हा प्रकार १९२७ साली वर्णिला.

यावर उपाय म्हणजे शीत साखळी. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. सीपीडीए-१ या द्रावणातील रक्ताची मुदत ३५ दिवस असते. रक्त बर्फाला चिकटू देऊ नये; गोठल्यास पेशी फुटतात. ग्लिसरॉल मिसळून मात्र पेशी उणे ६५ अंशांखाली अनेक वर्षे राखता येतात व त्यांचे प्रतिजनही टिकतात. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटासारख्या दुर्मीळ गटांना ही सोय मोलाची आहे. या रुग्णांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही.

सरपंच, शिक्षक व कार्यकर्ते यांनी शिबिर ठरविताना शीतपेटी, वाहन आणि रक्तपेढीपर्यंतचा वेळ यांची आखणी आधीच करावी. पिशवी व नमुना यांवरील क्रमांक जुळवून पाहावेत. नुसत्या घरगुती शीतकपाटावर विसंबू नये. रक्त देणे हे औदार्य, तर ते जपणे हे कर्तव्य. दोन्ही मिळूनच एक जीव वाचतो.