देणाऱ्याचाही केसपेपर



 पशुवैद्यकांच्या अधिवेशनातल्या या अध्यक्षाच्या खुर्चीवर माझ्याआधी बसून गेलेल्यांची नावं पाहिली की संकोच वाटतो, पण तुम्ही बसवलंत, तेव्हा बसलो आहे. रीतीचं बोलणं इथं संपलं.

संयोजकांच्या पत्रात माझ्यासाठी विषय होता : कुत्र्या-मांजरांतले रक्तविकार आणि रक्तसंक्रमण, एक आढावा. आढाव्याची तयारी मी केली होती. कुत्र्यांतला डीईए १ हा गट आपण शिकलो तेव्हा १.१ आणि १.२ असा तुकड्यांत होता. आता तो एकच धरतात आणि ‘नाही’पासून ‘ठळक आहे’पर्यंत त्याच्या पायऱ्या मानतात. २००७ साली डाल्मेशियन कुत्र्यांच्या निमित्तानं डाल हा नवा प्रतिजन सापडला. त्याच वर्षी मांजरांत ए-बीच्या पलीकडचा मिक सापडला. पुढं कोरियातून कुत्र्यांतले काई हे प्रतिजन आले. हे सगळं तरुण मंडळींच्या फोनमध्ये आहे आणि त्यांना ते माझ्यापेक्षा बरं पाठ आहे. म्हणून आढावा इथंच थांबवतो आणि गेली कित्येक वर्षं दर अधिवेशनात मागच्या रांगेत बसून जे गिळत आलो, ते आज बोलतो.

आपल्या अधिवेशनांत रक्त लावलेल्या केसेस मांडल्या जातात. पेशंटचं वय, जात, वजन, पीसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, आधी किती, नंतर किती, शेपूट कधी हलवली, घरी कधी गेला, सगळं असतं. रक्त कुणाचं होतं? एक ओळ असते : ‘निरोगी दात्याकडून’. तो निरोगी आहे हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, आणि रक्त काढल्यावर त्याचं काय झालं, हे मी आजवर फार थोड्या निबंधांत वाचलं आहे.

हे दुखणं जुनं आहे. रक्तसंक्रमणाची सुरुवातच कुत्र्यापासून झाली. ऑक्सफर्डला रिचर्ड लोअरनं १६६५-६६च्या सुमारास एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला दिलं. १६६६च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्रेशम कॉलेजात तसाच प्रयोग झाला आणि सॅम्युअल पेपिसनं आपल्या रोजनिशीत तो टिपून ठेवला. ज्याचं रक्त काढलं तो जागीच मेला, ज्याला दिलं तो ठणठणीत. सभा खूश होती. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, त्या मेलेल्या कुत्र्याबद्दल आपण अजून एवढंच म्हणतो.

एका दवाखान्यात, गावाचं नाव घेत नाही, मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. रॉटवायलर, गोचीड ताप, पीसीव्ही अकरा. रक्त लावायचं ठरलं. मदतनीसानं मागच्या पडवीतून एक तांबडा गावठी कुत्रा ओढत आणला. दारापाशी तो चारी पाय रोवून उभा राहिला. उचलून टेबलावर घेतला तेव्हा दिसलं, मानेच्या डाव्या बाजूला भादरलेला चौकोन होता, त्यात केसांची खुंटं नुकती उगवत होती. उजव्या बाजूलाही एक चौकोन, थोडा जुना. क्लिपरचा आवाज झाल्याबरोबर त्यानं मान आपणहून वर केली. मी खालची पापणी ओढली. पांढरी फटक. हिरड्या तशाच. पीसीव्ही करा म्हटलं, तर मदतनीस रॉटवायलरची नळी शोधायला लागला. याचं, म्हटल्यावर हसला. याचं आलं बावीस.

याचं रक्त शेवटचं कधी काढलं, वजन किती, लशी झाल्या का? रजिस्टर नव्हतं. ‘इथंच असतो सर, खाऊनपिऊन मजेत आहे.’ त्या रात्रीचं रक्त शेवटी पेशंटच्या मालकाच्या चुलतभावाच्या लॅब्रॅडॉरनं दिलं. एक फोन केला आणि तासाभरात चुलतभाऊ कुत्रा गाडीत घालून हजर. ‘आमच्याकडं दाते मिळत नाहीत’ असं मला कुणी सांगितलं की मी विचारतो, किती मालकांना विचारलंत? आपण विचारत नाही, कारण पडवीत फुकटचा बांधलेला असतो.

आता सकाळच्या सत्रातल्या वादांकडे वळतो, कारण ते सगळे याच दारातून आत येतात.

पहिला वाद क्रॉसमॅचचा, म्हणजे रक्त लावण्याआधी दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळवून पाहण्याचा. पोथी सांगते की कुत्र्यात डीईए १ विरुद्ध जन्मजात प्रतिपिंडं नसतात, म्हणून पहिल्या वेळी कुठलंही रक्त सहसा खपून जातं. धोका दुसऱ्या वेळी. पहिल्या बाटलीनंतर साधारण चार दिवसांनी प्रतिपिंडं तयार होऊ लागतात आणि मग वर्षानुवर्षं राहतात. पोथी बरोबर आहे. पण ही पहिली वेळ आहे हे तुम्हाला कोण सांगतं? माझ्याकडं एक डॉबरमन आला. मालक म्हणाले, याला रक्त कधीच लावलेलं नाही. मी तरीही पेशंटचा प्लाझ्मा आणि दात्याच्या पेशी काचेवर मिसळल्या. मिनिटभरात दूध फाटावं तशा गुठळ्या. मालकांनी घरी फोन लावला, तेव्हा आईसाहेबांनी सांगितलं, मागच्या पावसाळ्यात मालक परदेशी गेले होते, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एक पिशवी लावली होती. माझ्यापुरता वाद तिथं मिटला. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडंही दात्याची नोंद नव्हती, हे सांगायला नको.

मांजरांच्या बाबतीत तर वादच नको. बी गटाच्या मांजरात ए विरुद्ध जोरदार प्रतिपिंडं निसर्गतःच असतात. ए गटाचं थोडंसं रक्तसुद्धा तिला मारू शकतं. कुठल्याही मांजराला चालेल असा दाता मांजरांत नाही. ‘आपली मांजरं बहुतेक ए गटाची’ हे मला सांगू नका. एका बाईंनी मांजरीला ताप म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. हिरड्या चॉकलेटी झाल्या होत्या, श्वास चढलेला. शेजारचा धष्टपुष्ट बोका दाता म्हणून आणला, काचेवर गुठळ्या. मग तिच्याच वेतातली बहीण पलीकडच्या सोसायटीत होती, तिचं जुळलं. चार-पाच किलोच्या मांजरीकडून पन्नास मिलीच्या आसपास रक्त, तेही गुंगी देऊन, काढावं लागतं. बहिणीला गुंगी दिली, रक्त घेतलं, तितकंच सलाईन दिलं आणि ती शुद्धीवर येऊन ट्यूना खाईपर्यंत मी तिला घरी सोडलं नाही. मांजर मिळत नाही म्हणून मांजराला कुत्र्याचं रक्त द्यावं, असा एक पक्ष सकाळी जोरात होता. त्यांना एवढंच सांगतो की त्या पेशी चार दिवससुद्धा धड टिकत नाहीत, आणि आठवड्याभरानं पुन्हा दिलंत तर मांजर तुमच्या हातात जाईल.

दुसरा वाद प्लेटलेटचा. माणसांच्या डेंग्यूच्या मोसमात पेशंटचा मालक आत येतो तोच आकडा घेऊन : ‘डॉक्टर, प्लेटलेट वीस हजार, रक्त लावा.’ घरी पपईच्या पानांचा रस चालू असतो. अहो, एर्लिकिया या गोचीड तापात प्लेटलेट पडतातच, आणि डॉक्सिसायक्लीन व्यवस्थित अठ्ठावीस दिवस दिलं तर बहुतेक चढतात. किलोला दहा मिली ताजं रक्त लावून प्लेटलेट फार तर दहा हजारांनी वाढतात, तेही काही काळच. आणि वीस हजार हा आकडा मशीनचा आहे. मांजरांच्या प्लेटलेटचे पुंजके होतात, कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्यांच्या प्लेटलेट आकारानं मोठ्या असतात. मशीन त्या मोजतच नाही. ऑइल इमर्शनखाली स्मिअर बघा. एका फील्डमध्ये दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे साधारण पंधरा हजार. फील्डमागं तीन-चार दिसतायत आणि कुठं रक्तस्राव नाही, तर पिशवी कशाला? ती पिशवी कुणाच्या तरी मानेतून निघालेली असते. फुकटचा दाता पडवीत नसता, तर निम्म्या पिशव्या लागल्याच नसत्या, असं माझं स्वच्छ मत आहे.

तिसरा वाद तपासणीचा. बॅबेसिया गिब्सोनीचं पहिलं वर्णन पॅटननं १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत केलं, म्हणजे हा जंतू आपल्याला काही नवा नाही. कुत्रा एकदा बरा झाला की अनेकदा तो जंतू अंगात बाळगून वर्षानुवर्षं हिंडतो. ताप नाही, फिकटपणा नाही, स्मिअरवर काही नाही. सकाळी एकजण म्हणाले, स्मिअर निगेटिव्ह असला की दाता चालतो. स्कूटरखाली सापडून प्लीहा फाटलेली एक लॅब्रॅडॉर मी ऑपरेशननंतर पाहिली. दुसरीकडं रक्त लावलं होतं, अगदी वेळेवर, तिचा जीव वाचला. तीन आठवड्यांनी ती तापानं फणफणलेली, लघवी गडद, कानाच्या टोकाच्या थेंबात लाल पेशींतून बारीक अंगठ्या. तिच्या अंगावर गोचीड नव्हती. सातव्या मजल्यावर राहणारी, महिन्याला थेंब घातलेली कुत्री ती. दात्याचा पीसीआर कुणी केला नव्हता. करायला हवा, एर्लिकियाचाही.

आता काय करायचं? मोठमोठ्या योजना मी सांगणार नाही. ब्रिटनमध्ये २००७पासून पेट ब्लड बँक चालते. मालक आपली कुत्री स्वतः घेऊन येतात, एक ते आठ वर्षं वयाची, पंचवीस किलोच्या वरची, शांत स्वभावाची. चेन्नईच्या महाविद्यालयात प्राण्यांची रक्तपेढी आहे. आपल्या केंद्र सरकारनंही २०२५ साली जनावरांच्या रक्तसंक्रमणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ऐच्छिक दाता आणि क्रॉसमॅच यांवर भर आहे. सूचना आल्या आहेत, पण आपल्या फायलीत त्या गेल्या की नाहीत हे प्रत्येकानं पाहावं. प्रत्येक जिल्हा शाखेनं दाता प्राण्यांच्या मालकांची यादी करावी, असं मी सुचवतो. कशी करायची ते कार्यकारिणी बसून ठरवेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांनी कारवानी कुत्र्यांच्या रक्तगटांचं काम हाती घ्यावं. ग्रेहाउंडचा पीसीव्ही मुळातच जास्त असतो, म्हणून परदेशात ते दाते म्हणून नावाजलेले. आपल्या मेंढपाळांच्या दारातल्या कारवानीचं मोजून तर बघा.

एक गोष्ट मात्र मी समितीवर सोपवत नाही. दात्याचा स्वतंत्र केसपेपर. त्यावर मालकाचं नाव आणि सही, वजन, रक्तगट, लशी, तपासण्या, रक्त काढण्याआधीचा पीसीव्ही, किती मिली काढलं, मागची तारीख, दुसऱ्या दिवशीची प्रकृती. साडेचारशे मिलीची पिशवी काढताना कुत्र्याचं वजन लिहिलेलं नसेल, तर किलोला सोळा-अठरा मिलीची मर्यादा पाळली की ओलांडली हे तुम्हाला कसं कळणार? मालकच नसलेल्या कुत्र्याच्या जागी सही कोण करणार, असं आत्ताच पुढच्या रांगेतून कुणी कुजबुजलं. माझं उत्तर हेच की सही करायला कुणी नसेल तर सुई लावू नका.

कुणी म्हणेल, रात्री दोन वाजता पेशंट मरतोय, तेव्हा कागद कुठं भरत बसायचं. रात्री दोन वाजता मीही उभा राहिलो आहे. सलाईन लावायला आपण वेळ काढतो, बिल लिहायला काढतो. वजनकाटा तर टेबलाच्या शेजारीच असतो.

वर्षभर ही खुर्ची माझ्याकडं आहे, म्हणून तेवढा अधिकार वापरून घेतो. पुढच्या अधिवेशनासाठी रक्तसंक्रमणाचा जो निबंध येईल, त्यात दात्याची ही माहिती नसेल तर तो निबंध परत जाईल, मग तो प्राध्यापकांचा असो की माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्याचा. केसपेपरचा कच्चा मसुदा बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे, ज्यांना सुधारणा सुचवायच्या असतील त्यांनी त्यावरच खरडून द्याव्यात. जेवणाची वेळ टळून गेली आहे. थांबतो.