मुलाचा शब्द



ज्या गुरुजनांनी परप्रांतात मराठी शाळेचा दिवा लावला, त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. जन्मभर साहित्य शिकविलेल्या माणसाने एखाद्या कवीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु निवृत्तीनंतर ज्या कामात मी यथाशक्ति लक्ष घातले, तेही भाषेचेच काम आहे. संकटात सापडलेल्या मुलाच्या बाजूने बालकल्याण समितीपुढे व न्यायालयापुढे उभे राहणे, हे ते काम होय.

अनाथ मुलांची चिंता आपल्या समाजाला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू केला आणि प्रार्थना समाजाने तो पुढे चालविला. एका गुजराती माणसाचे हे ऋण सुरतेच्या मराठी माणसाने विसरू नये. त्या काळी प्रश्न मुख्यतः निवाऱ्याचा होता. आज तितकाच प्रश्न मुलाचे ऐकून घेण्याचा आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना मुलांविषयी निर्णय देताना आपली माहिती अपुरी पडते असे जाणवले आणि १९७७ साली त्यांनी त्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमण्याची प्रथा पाडली. आपल्याकडे असे पद जसेच्या तसे नाही. मात्र २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार निराधार मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते, आणि त्याचे म्हणणे ऐकले जाणे हा त्याचा हक्क मानला आहे. नातेवाईक, पालक कुटुंब, संस्था की मूळ जिल्हा, हे समिती ठरविते. गुजरातच्या ‘पालक माता-पिता’ योजनेत अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकास दरमहा ३,००० रुपये मिळतात. पण त्या चुलत्याचे नाव आणि गाव मुलाच्या तोंडून नीट कळले, तरच पुढचे सारे शक्य.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून यंत्रमागांवर आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांची घरची बोली अहिराणी. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’ म्हणतात, गुजरातीत ‘छे’. हे साम्य फसवे आहे. ऐकणाऱ्याला सारे समजले असे वाटते आणि घात तेथेच होतो. ‘तुम्हें अच्छी शिक्षा मिलेगी,’ असे हिंदीत कोणी मायेने म्हणाले, तर मराठी मुलाला त्यात शाळा दिसत नाही, मार दिसतो. मग ते गप्प होते, आणि त्या गप्प राहण्याची नोंद ‘मूल काही सांगत नाही’ अशी होते.

मी पाहिलेल्या मुलांच्या कथा येथे सांगणार नाही. त्यांची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्यांच्या सोबतीने मला जे कळले, तेवढेच सांगतो. मुलाचे वाक्य आपण सुधारू नये. ते ‘माले’ म्हणाले तर प्रथम ‘माले’च सांगावे, मग अर्थ द्यावा. मुलाची इच्छा एक आणि त्याचे हित दुसरे, असे पुष्कळदा घडते. ज्या घरात मार खाल्ला, त्याच घरी जाण्याचा हट्ट मूल धरते. त्याचे हित कशात आहे हे समितीने ठरवावे. पण त्याची इच्छा आपण वाटेत गाळून टाकू नये. ती गाळली, तर निर्णय कितीही शहाणपणाचा असो, तो त्या मुलाला न ऐकता दिलेला निर्णय ठरतो.

या बाबतीत शीला बारसे यांचे प्रकरण मननीय आहे. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयात झुंज दिली. विलंबाला कंटाळून त्यांनी अर्ज मागे घेऊ पाहिला, तेव्हा १९८८ मध्ये न्यायालयाने तशी परवानगी नाकारली. ज्यांच्यासाठी दाद मागितली, त्यांचे हित दाद मागणाऱ्याच्या हक्काहून मोठे, असा त्या निर्णयाचा आशय. बारसेबाईंचे कार्य त्याने उणे होत नाही. पण मुलासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी धरावे की प्रकरण मुलाचे आहे, आपले नव्हे. आपला उद्वेग, आपली कीर्ती, आपली दया, हे सारे दाराबाहेर ठेवावे.

आता या शाळेकडे वळतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांसाठी २०२० मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी व आधार-व्यक्ती यांची नोंदवही ठेवावयाची आहे. दुभाष्यास मुलाची भाषा आणि राज्याची भाषा, दोन्ही अवगत असाव्यात. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलत वाढलेला आपला माजी विद्यार्थी याहून वेगळा कोण आहे? ज्या दुभाषिकतेची आपल्याला कधी कधी लाज वाटली, तिचीच येथे गरज आहे.

मात्र उत्साहाच्या भरात कोणी परस्पर मुलांपर्यंत जाऊ नये. रीतसर नाव नोंदवावे, प्रशिक्षण घ्यावे, आणि एकदा हात दिला की प्रत्येक तारखेला हजर राहावे. या मुलांना मोठ्या माणसांनी निघून जाण्याची सवय झालेली असते. आपण आणखी एक निघून जाणारे होऊ नये.

आज सभागृहात बसलेल्यांपैकी पाच जणांनी जरी नाव नोंदविले, तरी ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांचे शिकविणे कारणी लागले असे मी समजेन.